मजकूर नंतर

आमच्या ऑफिसात दिवाळीचं ग्रीटिंग होळीला मिळायचं. नव्या वर्षाचं मार्चअखेरच्या गडबडीत यायचं. आमचे हेडक्लार्क बडेबाबू, त्यांच्या नातवाच्या बारशाचं ग्रीटिंग तर तो नातू चालायला लागल्यावर आलं. त्यानं ते स्वतःच्या हातानं घेतलं आणि चावलं. पण तक्रार कोणी करत नसे. एक तर असं ग्रीटिंग नागपूरच्या दुकानातही मिळालं नसतं, आणि दुसरं म्हणजे तक्रार केली की भाऊ शांतपणे एकच सांगायचे, "उशिरा आलं तं चालते. वाकडं आलं तं चालत नाई."

भाऊ आमच्याकडे ट्रेसर होते. कागदोपत्री अनुरेखक. इंजिनियरनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा, हे त्यांचं काम. ऑफिस कुठल्या खात्याचं ते मी सांगणार नाही. रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या असलं बांधकाम होतं, एवढं पुरे. गडचिरोली नुकताच जिल्हा झाला होता, आणि नव्या जिल्ह्यात आमच्या फायली खुर्च्यांच्या आधी येऊन पोचल्या होत्या. मी बल्लारपूरची, टंकलेखक, पहिलीच नोकरी. मिनिटाला चाळीस शब्द आणि स्वभाव तिखट. चाळीस शब्दांचं सर्टिफिकेट होतं, स्वभावाचं आई तोंडी सांगायची.

पहिल्याच दिवशी भाऊ माझ्या टेबलापाशी आले. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली आणि एक अर्धं ब्लेड, तेही कागदात गुंडाळलेलं.

"बल्लारपूरच्या का तुम्ही? मंग तं कागदाच्या घरच्या."

मी म्हटलं, हो, वडील कागदाच्याच कारखान्यात आहेत. त्यांनी माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "घडी घाला." मी घातली. त्यांनी ती घडी उजेडासमोर धरली, दोनदा बोट फिरवलं आणि कागद मला परत केला.

"उलटी घातली बाई तुम्ही. कागदाले आतून रेघ असते, लाकडावानी. रेघेवर घडी घातली तं गप बसते. आडवी घातली तं तडकते. घरी कोणी सांगतलं नाई?"

घरी कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांना पत्र लिहून विचारलं, तर ते म्हणाले, हे खरं आहे, पण तुझ्या ऑफिसात हे कोणाला कशाला माहीत पाहिजे? पुढं मी दर सुट्टीला बल्लारपूरहून कारखान्याबाहेरच्या दुकानातले कागदाचे तुकडे भाऊंसाठी आणू लागले. ते किलोवर मिळत. भाऊ एकेक तुकडा वास घेऊन निवडायचे. मला सुरुवातीला वाटायचं की हा माणूस थोडा सटकलेला आहे. नंतर तसं वाटायचं थांबलं, म्हणजे सवय झाली.

कोरा कागद माझ्याकडून चालायचा, पण नक्षीचा कागद ते कधी विकत घेत नसत. दुकानातल्या कागदावरची फुलं त्यांना ड्युटीवर आल्यासारखी दिसायची. त्यांना कशाच्या तरी आत राहून आलेला कागद लागायचा. साडीच्या खोक्यातला, उदबत्तीच्या पुड्याचा, सरकारी लिफाफ्याच्या आतल्या निळ्या जाळीचा, आणि सगळ्यांत आवडता म्हणजे पत्र्याच्या पेटीला आतून चिकटवलेला फुलाफुलांचा. एकदा वरच्या ऑफिसची तपासणी आली. बडेबाबूंनी कपाट उघडलं, तर स्टॉकची एकोणीस रजिस्टरं उघडीबोडकी उभी. पुठ्ठ्यावरचा लाल-निळ्या लाटांचा कागद एकाही रजिस्टरवर नाही.

"भाऊ, हे काय जी?"

"कव्हर गेलं. आतलं सारं जागेवर हाये, मोजून घ्या."

मोजलं. होतं. त्या दिवाळीचं ग्रीटिंग बडेबाबूंना होळीला मिळालं, त्यावर स्टॉक रजिस्टर क्रमांक सात होतं. त्यांनी ते लगेच ओळखलं, दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी फ्रेम करायला दिलं.

ग्रीटिंग करायची त्यांची रीत अशी, की आधी नकाशा. ट्रेसिंग पेपरवर, कडक शिशाच्या पेन्सिलीनं, बारीक. घडी कुठं, खिडकी कुठं कापायची, कुठला नक्षीचा कागद कुठं लागणार, खालचा समास वरच्यापेक्षा किती जास्त. मजकूर जिथं यायचा तिथं तुटक रेघांची चौकट. आणि उजव्या कोपऱ्यात, पुलाच्या नकाशाला असते तशी, रकान्यांची पट्टी: काम, स्थळ, रेखांकन, तपासणी, मंजुरी. ‘काम’पुढं ज्याला ग्रीटिंग द्यायचं त्याचं नाव. ‘स्थळ’पुढं तो राहतो ते गाव. ‘रेखांकन’पुढं त्यांची सही. ‘तपासणी’ मात्र कायम कोरी, कारण आपण काढलेलं आपण तपासायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि दुसऱ्या कोणाच्या नजरेवर त्यांचा भरवसा नव्हता. मापं नुसत्या आकड्यात. इंच लिहायचे नाहीत. ग्रीटिंग फुटात कोण करतं?

नकाशा झाला की तो आठ-दहा दिवस भिंतीवर टांगून ठेवायचे. येता-जाता बघायचे. मग पुसायचे. मग पुन्हा. शेवटी कापायला बसले की मात्र अर्ध्या ब्लेडनं, स्टीलच्या पट्टीवर, श्वास धरून, आणि कापून झालेल्या कडेवर केसभर फरक सापडत नसे. चिकटवायला मैद्याची खळ, झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. वाळायला दरसूचीच्या जाड पुस्तकाखाली. त्या पुस्तकाचा आमच्या ऑफिसात तेवढाच नियमित उपयोग होता.

आमच्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा भाऊंनी निरोपाचं ग्रीटिंग हाती घेतलं. ते पुरं झालं तोवर साहेब पुन्हा आमच्याकडेच बदलून आले होते. भाऊंनी ते त्यांना तेव्हा दिलं. साहेबांनी वाचलं, ‘आपली उणीव भासेल’, आणि विचारलं, "मी पुन्हा जाऊन राह्यलो का?" भाऊ म्हणाले, "आता नाई. पण ठेवा."

हे सगळं मी हसत सांगते आहे. पण हा उशीर त्यांना एकदा फार महागात पडला होता, आणि ते त्यांनी मला पहिल्या वर्षीच एका दुपारी सांगितलं, डबा खाता खाता, रस्त्याचा अंदाज वाचून दाखवावा तशा आवाजात.

त्यांना एक बहीण होती. ताई. त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा भाऊ चार वर्षांचे होते, तेव्हापासून ताईनंच वाढवलं. त्यांच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेला पताका लागायच्या, आणि त्यांत लावायला ताई रंगीत कागदाची पिंपळपानं कापायची. ती डावखुरी आणि कैची उजव्या हाताची. त्यामुळं पानाचं टोक दर वेळी डावीकडं वळायचं. कागद कापायला भाऊ तिच्याकडून शिकले. तिचं एक पान त्यांच्या पाकिटात होतं, ते त्यांनी मला दाखवलं. टोक खरंच डावीकडं होतं.

पुढं ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. ताई अभिमानानं सगळ्यांना सांगत सुटली की पत्रिका छापायच्या नाहीत, पत्रिका मामा हातानं करणार. भाऊंनी तीन महिने आधी नकाशा काढला. लग्न रविवारी होतं. पत्रिका सोमवारी झाल्या.

"चांगल्या झाल्या होत्या," भाऊ म्हणाले. "एकही वाकडी नाई."

पत्रिकाच मिळाली नाही म्हणून ताईच्या सासरचं कोणी आलं नाही. मांडवात अर्ध्या सतरंज्या रिकाम्या राहिल्या. पाव्हण्यांसमोर ताईची मान खाली गेली. सोमवारी भाऊ गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा ती उंबऱ्यावर आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "पह्यले एक कागद टायमावर पाठवून दाखव. मंग ये. तोवर माह्या दारात पाय ठेवू नको."

त्याला सात वर्षं झाली होती. ताईचं गाव हिरडटोला, गडचिरोलीहून बसनं दीड तास. सात वर्षं दर उन्हाळ्यात भाऊ बुद्धपौर्णिमेसाठी ताईच्या ग्रीटिंगचा नकाशा काढायचे, आणि दर पौर्णिमा निघून जायची.

"अडतं कुठं?" मी विचारलं.

"मजकुरात."

"अहो, ‘ताई, माफ कर’ लिहा अन् पाठवून द्या."

"लिहून पाह्यलं. लई लहान होते, बाई. इतक्या मोठ्या कागदात."

मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाची सगळी माया एका दारामागं अडकली आहे, तो माणूस समास मोजत बसतो याचा मला राग यायचा. माझ्या वडिलांनी पाठवलेलं साधं पोस्टकार्ड मी चार-चार वेळा वाचायची, त्यात समास कुठं असायचा? पण भाऊंना दुसरं काही येत नव्हतं, हेही मला दिसत होतं.

आठव्या वर्षी त्यांनी जो नकाशा काढला तो आतापर्यंतचा सगळ्यांत देखणा. तीन पानांचं, टेबलावर उभं राहणारं ग्रीटिंग. मधलं पान सरळ, दोन बाजूंची पानं अर्धवट उघडी. मधल्या पानात पिंपळपानाच्या आकाराची खिडकी कापायची, टोक डावीकडं. उजव्या पानावर फुलं, आणि तिथं बारीक अक्षरात सूचना: ‘नक्षी पेटीतल्या कागदाप्रमाणे.’ डाव्या पानावर तुटक चौकट आणि तिच्यात दोन शब्द: ‘मजकूर नंतर’. खाली रकान्यांत ‘स्थळ: हिरडटोला’. ‘काम’ मात्र कोरं, कारण तिथं ‘ताई’ लिहायचं की तिचं पूर्ण नाव, हेही ठरत नव्हतं. पौर्णिमा गेली. भाऊंनी नकाशा ड्रॉवरमध्ये ठेवला, पावसाळ्यात बाहेर काढला, पुन्हा ठेवला. मग ते हिवतापानं आजारी पडले आणि तीन आठवडे खोलीवर पडून राहिले.

आता माझा पराक्रम. हिरडटोला फाट्यावर बस थांबते, तिथं एक प्रवासी निवारा मंजूर झालेला होता. त्याचा नकाशा ट्रेसिंगसाठी भाऊंकडं होता, म्हणजे अर्थात उशिरा चालला होता. एका दुपारी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वरच्या ऑफिसला जाणारी जीप बाहेर घरघरत होती.

"बाई, हिरडटोल्याचा नकाशा कुठी हाये? आत्ता पाह्यजे."

मी भाऊंचा ड्रॉवर उघडला. वरच एक ट्रेसिंग होतं. ‘स्थळ: हिरडटोला’. तीन भिंती, मधल्या भिंतीला खिडकी, बाजूला मापं, नऊ बाय साडेपाच. भाऊंनी मला ग्रीटिंगबद्दल सांगितलं होतं, पण ताईचा नकाशा ते भिंतीवर टांगत नसत, त्यामुळं हा कागद मी कधी पाहिला नव्हता. मी कशाला जास्त बघते? ‘काम’ हा रकाना कोरा होता. आळशीपणा, असं म्हणत मी सुंदर अक्षरात तिथं लिहिलं, ‘प्रवासी निवारा’.

साहेबांनी सही करता करता विचारलं, "हे पानावानी काय हाये?"

मला माहीत नव्हतं. "हवा खेळायला, सर," मी म्हणाले.

"बरं," साहेब म्हणाले.

पंधरा दिवसांत नकाशा वरच्या ऑफिसातून मंजूर होऊन आला. तिथल्या इंजिनियरनं लाल शाईनं एकच दुरुस्ती केली होती, ‘वर सिमेंटचा पत्रा घ्यावा’. नऊ बाय साडेपाच म्हणजे नऊ फूट बाय साडेपाच फूट, यात कोणाला शंका आली नाही. प्रती वरच निघाल्या, ठेकेदाराला गेल्या, काम सुरू झालं.

भाऊ बरे होऊन आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ड्रॉवर उघडला. मग सगळे ड्रॉवर उघडले. मग माझ्याकडं आले.

"बाई, माह्या ताईचं ट्रेसिंग पाह्यलं का कुठी? तीन पानांचं, पिंपळपान हाये त्यात?"

तेव्हा मला कळलं, जीपमधून काय गेलं होतं ते. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. पहिली नोकरी, अजून कायम झालेली नव्हती. मी म्हणाले, "उंदरांनी नेलं असेल." भाऊंनी मान हलवली. "आता मजकूर ठरलाच असता," एवढंच म्हणाले, आणि मोरीचा नकाशा उतरवायला बसले. त्यानंतर चार महिने मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. कागदाचे तुकडे मात्र दुप्पट आणायला लागले. त्यांना वाटलं, बल्लारपूरला भाव उतरला.

हिवाळा संपता संपता वरच्या ऑफिसचं पत्र आलं. एक मोठे अधिकारी त्या रस्त्यानं गेले होते. निवाऱ्याच्या मागच्या भिंतीला झाडाच्या पानाच्या आकाराचं भोक असल्याचं त्यांच्या निदर्शनास आलं होतं. तसंच डाव्या भिंतीवर चौकट आखून ठळक अक्षरांत ‘मजकूर नंतर’ असं रंगवलेलं होतं. पत्रात विचारलं होतं की ‘मजकूर नंतर’ हा मजकूर कोणी मंजूर केला. खाली साहेबांचा शेरा: संबंधित अनुरेखकाकडून लेखी खुलासा घ्यावा, समाधानकारक नसल्यास पुढील कारवाई.

तो मेमो टाइप करायला माझ्याकडं आला. चाळीस शब्द मिनिटाला टाइप करणारी मी, त्या चार ओळींना अर्धा तास घेतला. मग मशीनमधून कागद ओढून काढला आणि तसाच भाऊंच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. ड्रॉवर, जीप, रकाना, हवा, उंदीर. त्यांनी ओरडावं म्हणून मी उभी राहिले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बांधलं?"

"बांधलं, भाऊ."

"पानाचं टोक डावीकडं हाये का सरळ केलं?"

"मी नाई पाह्यलं."

"पाहा लागन," ते म्हणाले.

रविवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं निघालो. भाऊंनी शर्टाला इस्त्री केली होती. हिरडटोला फाट्यावर उतरलो. बस पुढं गेली, धूळ बसली, आणि रस्त्याच्या पलीकडं ते ग्रीटिंग उभं होतं.

दुसरा शब्द नाही. तीन पानं, मधलं सरळ, बाजूची दोन अर्धवट उघडी. मधल्या भिंतीत पिंपळपान, आणि त्यातून पलीकडची धानाची बांधी आणि गावाकडं जाणारी पायवाट दिसत होती. गवंड्यानं एवढी विटांची कसरत कशी केली कोण जाणे, पण टोक डावीकडं वळलेलं होतं. नकाशात होतं, म्हणून केलं. भाऊंनी खिशातून टेप काढली आणि टोक मोजलं.

"बरोबर हाये," ते म्हणाले.

उजव्या भिंतीवर फुलं होती. गुलाबी आणि हिरवी, हुबेहूब पत्र्याच्या पेटीतल्यासारखी. निवाऱ्यात एक म्हातारा दोन बकऱ्या घेऊन बसला होता. मी त्याला विचारलं, ही फुलं कोणी काढली?

"ठेकेदाराच्या पेंटरनं. त्याच्यापाशी नकाशा होता. म्हणे, पेटीतल्या कागदावानी फुलं पाह्यजे, पेटी दाखवा. गावभर फिरला. बायांनी हाकलून देलं, कोण दाखवते आपली पेटी? मंग विहाराजवळच्या म्हातारीनं त्याचा कागद हाती घेतला. लई वेळ पाहात बसली. घरात गेली अन् पेटी उघडून देली. दोन दिवस त्याले जेवू घातलं, अन् समोर बसून फुलं काढून घेतली."

भाऊ हळूच डाव्या भिंतीकडं वळले.

चौकट होती. ‘मजकूर नंतर’ होतं, पेंटरनं निळ्या रंगात, सावली देऊन, फार मन लावून काढलेलं. आणि त्याच्या खाली, चौकटीच्या आत, कोळशानं कोणीतरी एक शब्द लिहिला होता. अक्षरं डाव्या हाताच्या माणसाची असतात तशी मागं कललेली.

‘कधी?’

भाऊ बाकावर बसले. म्हाताऱ्याच्या बकरीनं त्यांच्या पिशवीचा बंद चघळला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"भाऊ," मी म्हणाले, "ती विचारून राह्यली तुम्हाले."

"हो."

"मंग?"

"मजकूर अजून ठरला नाई, बाई. असं कसं जाऊ? एकदा घरी जाऊन नीट–"

मग मात्र माझा तोल गेला. चार महिन्यांचं सगळं माझ्या पोटात साठलेलं होतं. "मजकूर गेला चुलीत," मी म्हणाले. "तुमची बहीण म्हातारी होऊन राह्यली. तुम्ही काय तिच्या मयतीचं ग्रीटिंग करता का? तेही तेराव्यानंतर?"

म्हाताऱ्यानं बकऱ्या घेतल्या आणि जरा पलीकडं जाऊन बसला. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता संपलं, हा माणूस माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. ते उठले, खिशातली कडक शिशाची पेन्सिल काढली, भिंतीपाशी गेले आणि ‘कधी?’च्या खाली काहीतरी लिहिलं. पट्टी लावली नाही. मग पिशवी बाकावरच ठेवून रिकाम्या हातानं पायवाटेनं गावाकडं चालू लागले. मी पिंपळपानातून बघत होते. एकदाही थांबले नाहीत.

चुन्याच्या भिंतीवर कडक शिशाचं अक्षर दिसतच नव्हतं. मी अगदी जवळ जाऊन वाचलं. ‘आलो’ लिहिलं होतं.

साडेचारची परतीची बस आली, भाऊ आले नाहीत. मी एकटीच चढले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, एवढ्या एका शब्दाला आठ वर्षं लावली म्हणून.

भाऊ गुरुवारी ऑफिसात आले. रजेचा अर्ज त्यांनी हजर झाल्यावर दिला, हे वेगळं सांगायला नको. डब्यात धिरडी होती. मी विचारलं, "ताई काय म्हणाल्या?"

"म्हणे, लहान पाठवलं असतं तरी चाललं असतं."

त्यांचा खुलासा मीच टाइप केला. तीन वाक्यांचा होता. नकाशा माझा आहे. मापे इंचात होती. टोक बरोबर आहे. त्याखाली मी माझा खुलासा जोडला, की ‘काम’ हा रकाना मी भरला. मला एक ताकीद मिळाली, ती माझ्याकडं अजून आहे. निवारा वापरात आहे, सबब प्रकरण नस्तीबंद, असं वरून आलं. भिंतीवर योग्य तो मजकूर निश्चित करून कळवावा, असंही आलं. मी त्या ऑफिसात होते तोवर त्याची चार स्मरणपत्रं आली, आणि चारही वेळा आम्ही उत्तर पाठवलं की मजकूर नंतर कळवण्यात येईल.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. भाऊ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "पत्रिका आमच्याकडं." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? घरी सांगितल्यावर आईनं कपाळावर हात मारला, आणि वडिलांनी गुपचूप बल्लारपूरला शंभर पत्रिका छापून ठेवल्या.

लग्नाला तीन आठवडे असताना हिरडटोल्याहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरनं ऑफिसात एक पत्र्याचा डबा आणून दिला. आत पत्रिका होत्या. पंधरा नाही, वीस नाही, सगळ्या. प्रत्येकीवर पिंपळपानाची खिडकी, आणि तिच्यातून आतला फुलाफुलांचा कागद दिसत होता. तो पेटीतला जुना कागद होता, मला वास ओळखता आला. मजकूर आत होता, पूर्ण, एका मात्रेची चूक नाही. उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढी रकान्यांची पट्टी. ‘काम’पुढं माझं नाव. ‘रेखांकन’पुढं कललेल्या अक्षरात ‘ताई’. आणि जो रकाना इतकी वर्षं कोरा होता, त्या ‘तपासणी’पुढं भाऊंची सही.

वडिलांनी छापलेल्या शंभर पत्रिका माळ्यावर गेल्या.

डब्यातून आलेल्या पत्रिकांतली एक मी पट्टी लावून पाहिली. डावी कड दोन सूत वाकडी होती. मग दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्याच वाकड्या होत्या. भाऊंना ते दिसलं नसेल, असं होणार नाही.